प्रयोगशाळेचं दार सगळ्या मुलांसाठी उघडं आहे का?

तुमच्या मुलाने कधी स्वयंपाकघरात गुपचूप 'प्रयोग' केलाय? सोड्यात लिंबू पिळून ओट्यावर फेसच फेस केला असेल, नाहीतर रिमोट उघडून स्क्रू हरवले असतील. तुम्ही रागावला असाल, दोन धपाटेही घातले असतील. पण पोलिसांना फोन केला असता का?

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या बाबतीत असंच घडलं. शाळा भरण्याआधी तिने आवारात घरात सहज मिळणाऱ्या दोन वस्तू एका बाटलीत घालून पाहिल्या. वायू तयार झाला, बाटलीचं टोपण उडालं आणि थोडा धूर झाला. कोणालाही इजा झाली नाही. मुलगी अभ्यासात चांगली होती आणि तिच्याविरुद्ध आधीची कसलीही तक्रार नव्हती. मुख्याध्यापकांनीसुद्धा माध्यमांना सांगितलं की ती चांगली मुलगी आहे, तिच्याकडून एक चूक झाली.

तिने शिक्षकांना विचारलं नव्हतं, ही चूकच. असे प्रयोग मोठ्यांशिवाय करूच नयेत. पण या चुकीसाठी तिला बेड्या पडल्या, शस्त्र आणि स्फोटकांशी संबंधित गंभीर कलमं लागली आणि शाळेतून काढून 'अल्टरनेटिव्ह स्कूल'मध्ये पाठवण्यात आलं.

पर्यायी शाळा म्हणजे काय?

पर्यायी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छान चित्र येतं. लडाखमधली सेकमॉल ही संस्था आठवते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या केंद्रात दहावी नापास झालेली मुलंही येतात आणि उन्हावर उबदार राहणाऱ्या मातीच्या इमारतीत राहून शिकतात. 'थ्री इडियट्स'मधली शेवटची शाळा आठवते. मोकळं शिक्षण, हाताने काम आणि परीक्षेचं भूत नाही!

अमेरिकेतही अशा सुंदर पर्यायी शाळा आहेत. पण तिथे हाच शब्द आणखी एका प्रकारच्या शाळेसाठी वापरतात. नेहमीच्या शाळेतून काढलेली, वारंवार निलंबित झालेली, अभ्यासात खूप मागे पडलेली किंवा लहान वयात आई झालेली मुलं जिथे पाठवली जातात, ती शाळा. अशा बऱ्याच शाळा छोट्या असतात, शिक्षक मोजके असतात. एकच शिक्षक जीवशास्त्रही शिकवतो आणि रसायनशास्त्रही. कित्येक ठिकाणी मुलं संगणकासमोर बसून धडे वाचतात, बटण दाबून उत्तरं देतात आणि राहिलेले विषय 'पूर्ण' करतात. प्रयोगाची आवड असलेल्या मुलीला अशा ठिकाणी पाठवलं, तर तिच्या हाती काय लागणार?

रंगाचा संबंध कुठे येतो?

तुम्ही म्हणाल, नियम सगळ्यांना सारखेच असतील ना? कागदावर असतात. पण अमेरिकेच्या शिक्षण खात्याची २०१३-१४ ची आकडेवारी वेगळं सांगते. त्या वर्षी गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून निलंबित होण्याची शक्यता ३.८ पट होती.

आता दुसरी बाजू बघा. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त असलेल्या हायस्कूलांपैकी फक्त ४८ टक्के ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवलं जात होतं. जिथे ही मुलं कमी, तिथे हे प्रमाण ६७ टक्के होतं. कॅल्क्युलसचे आकडे होते ३३ आणि ५६ टक्के. म्हणजे आधी विषयच शाळेत नाही, मग छोट्या चुकीला मोठी शिक्षा आणि शेवटी अशी शाळा जिथे लॅबही नाही. पुढे इंजिनीअर आणि डॉक्टरांमध्ये ही मुलं कमी दिसली की लोक म्हणतात, 'यांना सायन्सची आवडच नसते.' आवड होती हो, पण तिच्या वाटेत एकामागून एक दारं बंद होत गेली.

फ्लोरिडाच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे सांगायला हवं. बातमी देशभर पसरली, लोक तिच्या बाजूने उभे राहिले आणि मे महिन्यात तिच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. 'नासा'चे निवृत्त इंजिनीअर आणि लेखक होमर हिकम यांनी तिला आणि तिच्या जुळ्या बहिणीला अंतराळ शिबिराला जाण्यासाठी मदत केली. कारण हिकम यांचा स्वतःचा अनुभव! शाळेत असताना ते मित्रांबरोबर रॉकेटं उडवायचे आणि एकदा त्यांच्यावर जंगलात आग लावल्याचा आळ आला होता. तेव्हा त्यांचे शिक्षक त्यांच्या मदतीला धावले. गोऱ्या मुलाला 'हा उद्याचा शास्त्रज्ञ आहे' असं म्हणणारं कोणीतरी वेळेवर भेटलं. ती मुलगीही पुढे इंजिनीअरिंग शिकली. पण जिची बातमी होत नाही, तिचं काय?

लोकलने शिकवलेलं गणित

यावर उपाय शोधणाऱ्यांमध्ये बॉब मोझेस यांचं नाव आवर्जून घ्यावं लागेल. १९६० च्या दशकात त्यांनी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून जिवावर उदार होऊन काम केलं. पुढे त्यांची मुलगी आठवीत गेली, तेव्हा तिच्या शाळेत बीजगणित शिकवतच नव्हते. मग मोझेस स्वतःच वर्गात जाऊन शिकवू लागले. त्यातूनच १९८२ मध्ये 'अल्जेब्रा प्रोजेक्ट' सुरू झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पूर्वी मताचा हक्क नसेल तर माणूस समाजाबाहेर राहायचा, आता गणित-विज्ञान येत नसेल तर तो तसाच बाहेर राहतो.

त्यांची शिकवण्याची पद्धत तुम्हाला नक्की आवडेल. ते मुलांना शहरातल्या मेट्रोने फिरवून आणत. परत आल्यावर मुलं प्रवासाचं चित्र काढत, मग आपल्या रोजच्या भाषेत तो सांगत. आपण निघालो ते स्टेशन शून्य धरलं, तर पुढची स्टेशनं अधिक आणि मागची उणे! सूत्र आणि चिन्हं सगळ्यात शेवटी. दादरला चढून आधी ठाण्याकडे आणि मग सीएसएमटीकडे गेलेल्या मुलाला उणे संख्या वेगळी समजावून सांगायची गरज आहे का?

आपल्या घराजवळ काय दिसतं?

आपल्याकडे काळा-गोरा हा प्रश्न तसा नाही, म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. जात आहे, आदिवासी पाडा आणि शहर आहे, बोलीभाषा आणि पुस्तकी भाषा आहे. १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. तेव्हा एक मोठा अडथळा लक्षात आला, तो होता पुस्तकाची अवघड भाषा. भाषा सोपी केली आणि मुलांना प्रश्न विचारायची, स्वतः करून बघायची संधी दिली की तीच मुलं विज्ञानात पुढे येताना दिसली.

मला माझी शाळा आठवते. लॅबच्या कपाटाला कायम कुलूप. 'फुटलं तर कोण भरून देणार?' असं सर म्हणायचे. वर्षातून एकदा कुलूप उघडायचं, तेव्हा परीक्षानळी पहिल्या बाकावरच्या चार-पाच मुलांच्या हातात जायची. मीही त्यांत असायचे. शेवटच्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण लांबूनच बघायची. तिची आई घरकाम करायची. नळी फुटली तर पैसे भरायला लागतील म्हणून तिनेही कधी हात पुढे केला नाही. दहावीनंतर तिने सायन्स घेतलं नाही. 'ते माझ्यासाठी नाही गं,' असं म्हणाली. तेव्हा मला ते पटलं होतं, याचं आज वाईट वाटतं.

तुम्ही काय करू शकता?

– पालकसभेत मार्कांबरोबर हेही विचारा : या वर्षी माझ्या मुलाच्या हातात परीक्षानळी किती वेळा आली? आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या?

– घरी सोपे प्रयोग करा. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल डाग पडतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो. खर्च जवळपास शून्य. मात्र सफाईची रसायनं एकमेकांत कधीही मिसळू नका.

– घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या किंवा वॉचमनकाकांच्या मुलांनाही या प्रयोगाला बोलवा. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली विज्ञान खेळणी इंटरनेटवर मोफत बघायला मिळतात, मराठीतही.

– मुलाने काही तोडलं-फोडलं तर आधी 'काय करून बघत होतास?' असं विचारा. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा.

फ्लोरिडातल्या त्या सकाळी टोपण उडाल्यावर त्या मुलीला हाच एक प्रश्न आधी विचारला असता, तर तिच्या आयुष्यातले ते वाईट महिने टळले असते. तुमच्या आसपासच्या एखाद्या मुलाला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नसेल. या रविवारी तुम्ही विचाराल का?