मनोऱ्याची टाच

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क स्टेडियमवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सामना सुरू होण्याच्या बेतात होता आणि जमीन हलली. तीव्रता ६.९. ऑकलंडमधला सायप्रस हा दुमजली उड्डाणमार्ग कोसळून ४२ माणसं दगावली. बे ब्रिजवर वरच्या रस्त्याचा पंधरा मीटरांचा तुकडा सुटून खालच्या रस्त्यावर आदळला. तिथून काही किलोमीटरवर असलेल्या गोल्डन गेट पुलाला मात्र काहीच झालं नाही. तपासणी करणाऱ्यांना दखल घेण्याजोगी इजा कुठेही दिसली नाही.

शहरानं निःश्वास टाकला, पण पुलाची काळजी वाहणाऱ्या अभियंत्यांना तो टाकता येईना. भूकंपाचं केंद्र तिथून जवळजवळ शंभर किलोमीटर दक्षिणेला होतं. सॅन अँड्रियास भ्रंश तर पुलापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवरून जातो, आणि १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं ते याच भ्रंशामुळे. पूल उघडला १९३७ मध्ये. म्हणजे मोठा भूकंप जवळून कसा असतो, हे त्यानं आयुष्यात एकदाही अनुभवलं नव्हतं. एकही ओरखडा नसलेला पूल किती सुरक्षित आहे, हे नुसतं बघून कळणार कसं?

कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी चौकशी मंडळ नेमलं. अध्यक्ष होते कॅलटेकचे जॉर्ज हाउसनर, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे, भूकंप अभियांत्रिकी हे शास्त्र ज्यांच्या हातून घडलं अशा मोजक्या माणसांपैकी एक. १९९० साली मंडळाचा अहवाल आला. त्याचं नावच होतं ‘कॉम्पिटिंग अगेन्स्ट टाइम’. हाउसनर या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, पण बऱ्याच कमी वयाचे होऊन.

पुलाच्या व्यवस्थापनानं टी. वाय. लिन इंटरनॅशनल या कंपनीकडून पुलाची छाननी करून घेतली. तिच्यातून जे बाहेर आलं ते हादरवणारं होतं. जवळच्या भ्रंशावर सातच्या पुढचा भूकंप झाला तर पुलाचं गंभीर नुकसान होईल. आठच्या आसपासचा झाला तर दोन्ही टोकांचे चढमार्ग आणि दक्षिणेकडची फोर्ट पॉइंटची पोलादी कमान कोसळण्याचा धोका आहे. मुख्य झुलता भाग कोसळणार नाही, पण त्यालाही जबर मार बसेल.

यात मूळ रचनाकारांचा दोष शोधणं अन्यायाचं होईल. चार्ल्स एलिस यांनी या पुलाची आकडेमोड हातानं केली. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी त्यांना १९३१ मध्ये कामावरून काढलं, तरी ते घरी बसून, एक पैसाही न घेता, मनोऱ्यांचं गणित तपासत राहिले. पूल पुरा झाला तेव्हा श्रेयाच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या नावाची पाटी पुलाशी लागायला २०१२ साल उजाडलं. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी राग येतो. त्यांच्या काळात भूकंप हा वजनाच्या काही टक्के इतका आडवा, स्थिर जोर म्हणून हिशेबात घेत. जमीन प्रत्यक्षात कशी हलते, याच्या पुरेशा नोंदीच तेव्हा नव्हत्या.

नव्वदच्या दशकातल्या अभियंत्यांकडे त्या नोंदी होत्या आणि संगणकही होते. त्यांनी अख्खा पूल संगणकात उभा केला. मनोरा ते मनोरा १,२८० मीटरांचं अंतर. एवढ्या लांबीत भूकंपाची लाट दोन्ही पायांशी एकाच क्षणी पोचत नाही. एक पाय हललेला असतो तेव्हा दुसऱ्यापर्यंत ती यायची असते. म्हणून प्रत्येक आधाराला वेगळ्या क्षणी, वेगळ्या चालीचा धक्का देऊन त्यांनी गणित चालवलं. रस्ता पेलणारी लांबच लांब तुळई मनोऱ्यांवर आपटताना दिसली. आणि त्याहून अनपेक्षित गोष्ट दिसली मनोऱ्यांच्या बुंध्याशी.

मनोरे उचलले जात होते.

२२७ मीटर उंचीचा पोलादी मनोरा लंबकासारखा डोलत होता आणि डोलताना त्याची एक बाजू काँक्रीटच्या पायावरून काही इंच वर येत होती. मग ती टेकायची आणि दुसरी उठायची. या मनोऱ्यांना खाली धरून ठेवतं ते मुख्यतः वजनच: त्यांचं स्वतःचं, आणि डोक्यावर मुख्य केबलमधून येणारं प्रत्येकी सुमारे ५६ हजार टनांचं. एवढा भार डोक्यावर असूनही टाच सुटत होती.

अशा वेळी पहिला विचार कुणाच्याही मनात हाच येईल, की बांधून टाका. जाडजूड गज काँक्रीटमध्ये खोल उतरवा आणि बुंधा असा आवळा की तो तसूभरही हलू नये. मजबुती म्हणजे हेच, असं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण हा विचार तपासायचा तर तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

जुलै १९५२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आर्विन-टेहाचपीचा भूकंप झाला. तिथल्या तेलशुद्धीकरणाच्या उंच, सडपातळ पोलादी मनोऱ्यांचे पायाचे बोल्ट ताणले गेले होते. म्हणजे मनोरे मागे-पुढे डोलले होते, पण उभे राहिले होते. हाउसनर यांनी हे टिपून ठेवलं. मग मे १९६० मध्ये चिलीत भूकंपांची मालिका आली. तिच्यातला सर्वांत मोठा ९.५ चा, माणसानं मोजलेल्या भूकंपांत सर्वांत प्रचंड. तिथंही तेच कोडं समोर आलं. एकाच उंच खांबावर तोललेल्या, पाहताक्षणी पडतील असं वाटणाऱ्या पाण्याच्या काही टाक्या टिकल्या होत्या, आणि दिसायला कितीतरी भक्कम अशी बांधकामं मोडली होती.

१९६३ साली हाउसनर यांनी या कोड्याचं उत्तर एका छोट्या निबंधात मांडलं. जमिनीवर नुसता टेकलेला ठोकळा हलू लागला की त्याची एक कड उचलली जाते. त्या क्षणापासून त्याच्यावर येणाऱ्या जोराला मर्यादा पडते, कारण उचलायला जेवढा जोर लागतो त्याहून जास्त जोर त्याच्या बुंध्यातून वर चढूच शकत नाही. उरलेली शक्ती वजन वर उचलण्यात जाते. कड पुन्हा खाली टेकते तेव्हा त्या आघातात थोडी शक्ती नाहीशी होते. शिवाय डोलण्याचा झोका जितका मोठा, तितका त्याला लागणारा वेळ जास्त, त्यामुळे भूकंपाचा आणि डोलण्याचा ताल सहजी जुळत नाही. आणि सर्वांत नवलाची बाब अशी, की एकाच प्रमाणातल्या दोन ठोकळ्यांपैकी मोठा ठोकळा पाडणं अधिक कठीण. तो कलंडण्याइतका झुकण्याआधीच जमीन दिशा बदलते.

आता गोल्डन गेटच्या मनोऱ्याकडे पुन्हा पाहू. तो सुटा ठोकळा नाही, त्याचा माथा केबलनं दोन्हीकडून धरलेला आहे, म्हणजे उलटून पडण्याची भीती तशीही कमी. बुंधा करकचून बांधला तर जोरावरची ती मर्यादाच निघून जाईल. मग सगळी शक्ती मनोऱ्याच्या पत्र्यांना, रिव्हेटना आणि खालच्या काँक्रीटला सोसावी लागेल. टाच उचलू दिली तर मनोरा स्वतःच त्या जोरातून सुटतो. अभियंत्यांनी ठरवलं, की मनोऱ्यांना डोलू द्यायचं.

पण ही सूट फुकट मिळत नाही. माणूस चवड्यावर उभा राहिला की सगळा भार बोटांवर येतो, तसा एक कड उचललेल्या मनोऱ्याचा भार क्षणभर समोरच्या कडेवर एकवटतो. हे मनोरे भरीव नाहीत. साधारण मीटरभर रुंदीचे चौकोनी पोलादी कप्पे एकमेकांना लावून ते बनलेले आहेत. एवढा भार थोड्या कप्प्यांवर आला तर त्यांचे पत्रे बाहेर फुगून चुरगळतील. म्हणून मजबुती करायची ती इथं: बुंध्यातल्या कप्प्यांना आतून जोडपट्ट्या लावून पत्रे ताठ करायचे, म्हणजे मनोरा निर्धास्त उचलला जाईल आणि निर्धास्त टेकेल. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसणारही नाही. माझ्या मते या साऱ्या कामातली खरी प्रतिभा इथं आहे. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पोलादाला काय करता येतं हे आधी विचारलं, आणि जिथं ते कमी पडतं तेवढ्याच जागी नवं पोलाद घालायचं ठरवलं.

बाकीच्या भागांतही याच विचाराची पावलं दिसतात. तुळई आणि मनोरे यांच्यामध्ये डॅम्पर बसवायचे, म्हणजे आपटण्याऐवजी धक्क्याची शक्ती त्यांच्यात जिरेल. तुळईच्या काही आडव्या बंधांच्या जागी, न तुटता ताणले जातील असे नवे बंध घालायचे. चढमार्गांवर मात्र नुसती सूट पुरेशी नव्हती. तिथं खालचे पोलादी आधार-मनोरेच नवे उभारले गेले, वरची सुटी सुटी तुळयांची जाळी सलग जोडली गेली आणि दोहोंच्या मध्ये धक्का खालीच अडवणारी बेअरिंग बसवली गेली. हे सगळं वरून वाहतूक चालू असताना झालं. फोर्ट पॉइंटची कमान मुळात बांधली गेली ती खालचा १८६१ सालचा विटांचा किल्ला पाडावा लागू नये म्हणून. तिच्या बुंध्याशीही शक्ती शोषणारी साधनं आली, आणि किल्ला पुन्हा एकदा वाचला.

काम १९९७ मध्ये उत्तरेच्या चढमार्गापासून सुरू झालं आणि दक्षिणेचा चढमार्ग व कमान २००८ पर्यंत उरकली. कोसळण्याचा धोका जिथं सर्वांत जास्त होता तिथं आधी हात घातला गेला, आणि हा क्रम योग्यच होता. मुख्य झुलता भाग शेवटी ठेवला गेला. मनोऱ्यांच्या बुंध्यातली जोडपट्टी आणि तुळईचे डॅम्पर त्याच टप्प्यातले, आणि तो टप्पा अजून पूर्ण व्हायचा आहे. काय करायचं, कुठं करायचं आणि का करायचं, हे नव्वदच्या दशकातच ठरलेलं आहे. रोज हजारो माणसं ज्या मनोऱ्यांच्या भरवशावर पाणी ओलांडतात, त्यांच्या बुंध्याचं काम यापुढे एक वर्षही रेंगाळू नये, असं मला मनापासून वाटतं.