आंब्याचा डाग बागेतला, संत्र्याची बुरशी गाळ्यातली

फळबाजारात दर मोसमात एक वाद ठरलेला असतो. पेटी उघडली आणि माल नासका निघाला की बागायतदार म्हणतो, तुमच्या गाळ्यात खराब झाला. आडत्या म्हणतो, बागेतूनच तसा आला. पैसे मात्र कुणाचे तरी बुडतात. यात खरे कोण, हे बुरशी कोणती यावर अवलंबून असते, आणि आमच्या बागवान बांधवांना ती ओळखता आली तर निम्मी भांडणे मिटतील असे आम्हाला वाटते.

बुरशी बीजाणूंनी पसरते. बीजाणू म्हणजे जणू बुरशीचे बी. ते इतके बारीक की एकटे डोळ्यांना दिसत नाही.

आंब्यावर पिकताना जे काळे डाग पडतात तो करपा. त्याचे बीजाणू चिकट असतात. झाडावरच्या वाळलेल्या काटक्या, जुनी पाने आणि करपलेला मोहोर यांवर ते तयार होतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर, मोहोरावर, कैरीवर बसतात. साल ओली राहिली की बीजाणू रुजतो, सालीत शिरतो आणि तिथेच गप्प बसतो. कच्च्या कैरीच्या सालीत त्याला रोखणारी द्रव्ये असतात. फळ पिकू लागले की ती कमी होतात आणि डाग वर येतो. म्हणजे पेटीत दिसणारा डाग बागेतच लागलेला असतो. एका आंब्याचा करपा पेटीतल्या दुसऱ्याला सहसा लागत नाही. तेव्हा सौदा करताना मोहोराच्या आणि कैरीच्या वेळी पाऊस झाला होता का, हे जरूर विचारावे. ताजा उतरवलेला आंबा ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे ठेवल्यास हा दडलेला करपा बराच आटोक्यात येतो. मात्र पाण्याची उष्णता मोजूनच ठेवावी, अंदाजाने नव्हे, फळ भाजते.

संत्री-मोसंबीची गोष्ट उलटी. त्यांच्यावरची हिरवी आणि निळी बुरशी कोरडी भुकटी सोडते. एका सडलेल्या फळावर कोट्यवधी बीजाणू असतात आणि ते वाऱ्याने, हाताने, क्रेटने सगळीकडे जातात. धडधाकट सालीत त्यांना सहसा शिरता येत नाही. नख लागले, देठ ओढून काढला, क्रेटचा खिळा घासला की वाट मिळते. निळी बुरशी तर शेजारच्या चांगल्या फळालाही नुसत्या स्पर्शाने धरते. इथे बागायतदाराला दोष देण्यापूर्वी तोडणाऱ्याने कात्री वापरली का आणि हमालाने डाग कसा टाकला, हे पाहावे.

नासके फळ गाळ्यातच झटकून टाकू नये. ते अलगद उचलून पिशवीत बांधावे व लांब न्यावे. रिकामे क्रेट धुऊन वाळवावेत आणि गाळा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा.