मामाची 800 की मित्राची के-10?

पहिल्या कारचा विषय निघाला की ऑफिस कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'घरची जुनी गाडी घे, हात बसायला बेस्ट!' दुसरी म्हणते, 'छे, ईएमआय भर आणि नवी उचल.' वाद मिटवायला आम्ही मित्राची नवी अल्टो के-10 घेऊन थेट चाळीसगाव गाठलं. तिथे मामाची 1997 ची मारुती 800 आहे, आणि कन्नडला जाणारा औट्रम घाटही!

कागदावर
800 मध्ये 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. ताकद साधारण 37 बीएचपी, टॉर्क 59 न्यूटन-मीटर, गिअर चार. के-10 लाही सिलिंडर तीनच. पण 998 सीसी, सुमारे 66 बीएचपी, 89 न्यूटन-मीटर आणि गिअर पाच. इंजिन जेमतेम पाव पटीने मोठं, ताकद मात्र पाऊण पटीने जास्त! फंडा सोपा आहे. 800 मध्ये दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि पेट्रोल पुरवायला कार्ब्युरेटर. के-10 मध्ये चार व्हॉल्व्ह, आणि कधी किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. कंपनीचा दावा लिटरला 24 किलोमीटरच्या वर. मामाच्या डायरीत 800 चं अ‍ॅव्हरेज पंधरा-सोळा.

चढताना
सकाळी चोक ओढला, 800 खोकली आणि सुरू झाली. घाटात चौघं बसलेले, त्यामुळे बराच वेळ दुसरा गिअर. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न. मामा मात्र खूश, "मनी गाडी भारी शे!" खरंच, हलकी, आटोपशीर, वळणावर मस्त वळते. के-10 तोच चढ तिसऱ्यात, एसी लावून, गप्पा मारत चढली.

उतरताना
खरी परीक्षा इथेच. 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. अशा रस्त्यावर पिकअपपेक्षा ब्रेक महत्त्वाचा. एबीएस नसलेल्या गाडीत ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला तर चाकं लॉक होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मामाच्या 800 ला एबीएस नाही, एअरबॅगही नाही. के-10 ला दोन्ही आहे. पण बॉस, हुरळून जाऊ नका! एप्रिल 2023 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगच्या के-10 ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी फक्त दोन स्टार मिळाले, मुलांसाठी शून्य. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना 2025 मध्ये आल्या. सेकंडहँड के-10 बघत असाल तर एअरबॅग मोजून घ्या.

मग घ्यायची कुठली?
800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे फिटनेस, नव्याने नोंदणी, हरित कर, हे सगळं आलं. गल्लीबोळात क्लच-गिअर शिकायला ती आजही झकास. पण दर वीकेंडला हायवे, घाट, मागे आई-बाबा असतील तर नवीच. आणि मागच्या सीटवरही बेल्ट हवाच.

परतताना मामांना विचारलं, "विकायची का?" मामा उखडलेच! पण संध्याकाळी हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मामीला संभाजीनगरला डॉक्टरकडे न्यायचंय. तुझ्या मित्राची गाडी मिळेल का रे?"

आम्हाला उत्तर मिळालं.