उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तू व जडत्व-आघूर्ण : एका फळीवरील प्रयोग

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या चढउतारांचे. तेथून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला उतार म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तथापि भरीव गोळा, भरीव दंडगोल आणि कडे एकाच वेळी उतारावर सोडल्यास आधी कोण पोहोचेल, असे विचारले की 'जे जड ते आधी' हेच उत्तर बहुधा मिळते. ही समजूत अल्प साधनांत कशी दूर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
घरंगळणाऱ्या वस्तूची स्थितिज ऊर्जा काही अंशी पुढे सरकण्यात आणि काही अंशी स्वतःभोवती फिरण्यात खर्ची पडते. फिरण्याचा वाटा जडत्व-आघूर्णावर, म्हणजे वर्गात आपण ज्याला सर्रास 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणतो त्यावर, अवलंबून असतो. वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकारास गोळ्यासाठी २/५, दंडगोलासाठी १/२ व कड्यासाठी १ या गुणांकाने गुणले की ते मिळते. त्वरणाच्या सूत्रातून मात्र वस्तुमान व त्रिज्या दोन्ही निघून जातात. उरतो केवळ गुणांक. म्हणून घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या तुलनेत या तिघांचे त्वरण अनुक्रमे ५/७, २/३ व १/२ पट असते. जडपणाचा येथे संबंधच येत नाही.

खरी अडचण मापनाची आहे. १० अंशांच्या उतारावर दोन मीटर अंतरास गोळ्याला १.८१ सेकंद, तर दंडगोलाला १.८८ सेकंद लागतात. हा फरक हातातील स्टॉपवॉचने विश्वासाने टिपता येत नाही. यास्तव वेळ न मोजता अंतर पाहावे. तिन्ही वस्तू एका पट्टीमागे धरून ती झटकन उचलावी व मोबाईलवर चित्रीकरण करावे. गोळा २०० सेंमीवर असताना दंडगोल १८७ व कडे १४० सेंमीवर आढळले पाहिजे. ही गुणोत्तरे उताराच्या कोनावर अवलंबून नसल्याने कोन मोजण्याचीही गरज उरत नाही.

फळी फार उभी केल्यास मात्र वस्तू घरंगळण्याऐवजी घसरू लागतात, आणि सर्वप्रथम कडे घसरते. कारण त्याला कोनाच्या टॅन्जंटच्या निम्म्याइतका घर्षणगुणांक लागतो, गोळ्याला केवळ २/७ पट पुरतो. शिवाय कडे म्हणून आपण पाइपचा तुकडा घेतो, तो काही आदर्श कडे नसतो. त्याची आतील त्रिज्या बाहेरील त्रिज्येच्या ०.९ पट असल्यास गुणांक ०.९०५ होतो आणि तो १४० ऐवजी १४७ सेंमीवर दिसतो.