स्थूल पोषकद्रव्ये व त्यांचे पचन : भाकरी-पिठल्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
सकाळच्या पहिल्या तासिकेस अनेक विद्यार्थी केवळ चहा-बिस्किटे घेऊन येतात. काहींच्या डब्यात भाकरी व मिरचीचा ठेचा एवढेच असते. त्यांचे पोट भरते, परंतु पोषण होतेच असे नाही. हा भेद स्पष्ट होण्यासाठी ज्वारीची भाकरी व पिठले या परिचित जेवणाच्या आधारे पचनक्रियेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थूल पोषकद्रव्ये :
शरीरास मोठ्या प्रमाणात लागणाऱ्या कर्बोदके, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांना स्थूल पोषकद्रव्ये असे म्हणतात. कर्बोदके व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. भाकरीत प्रामुख्याने पिष्ट, पिठल्यातील बेसनात पिष्टासोबत प्रथिने, तर फोडणीत तेल असते.

पचनक्रिया :
पिष्टाचे पचन तोंडात लाळेतील विकराने सुरू होते. प्रथिनांवर प्रथम जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन यांची क्रिया होते. लहान आतड्याच्या आरंभी यकृतातील पित्तरस तेलाचे सूक्ष्म थेंब करतो. पित्तात पाचक विकर नसते. ते काम स्वादुपिंडातील लायपेज करते. स्वादुपिंडाचीच अन्य विकरे पिष्ट व प्रथिने यांचे पुढील विघटन करतात. अखेर पिष्टापासून ग्लुकोज व प्रथिनांपासून अमिनो आम्ले तयार होऊन ती आतड्यातील रसांकुरांद्वारे रक्तात व तेथून यकृताकडे जातात. बहुतांश स्निग्धांश मात्र लसीकावाहिन्यांच्या मार्गाने रक्तात पोहोचतो. न पचलेले तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे खाद्य होतात.

धान्य व डाळ यांचा मेळ :
जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात व स्नायूंत, तर जादा स्निग्धांश मेदपेशींत साठतो. अमिनो आम्लांचा असा स्वतंत्र साठा शरीरात नसतो. म्हणून प्रथिने नित्य आहारातून मिळावी लागतात. शिवाय त्यांचा दर्जाही महत्त्वाचा ठरतो. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. हरभऱ्यात ते भरपूर, मात्र मेथिओनीन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही दोन्ही एकाच घासात असण्याची गरज नाही. दिवसभराच्या आहारात असली तरी पुरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास प्रतिकिलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम दर्जेदार प्रथिने आवश्यक आहेत. म्हणजेच ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ व चाळीस ग्रॅम बेसन यांपासून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली गरज उसळ, शेंगदाणे, दूध, ताक किंवा अंडी यांतून भागू शकते. ठेचा-भाकरीत मात्र लायसीनची उणीव तशीच राहते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भूक शमणे हा पोषणाचा पुरावा नव्हे. विद्यार्थ्याची तासिकेतील मरगळ हा नेहमी अनास्थेचाच परिणाम मानण्यापूर्वी, त्याने सकाळी काय खाल्ले याची आपुलकीने चौकशी करणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात वडापावासोबत मोड आलेल्या कडधान्याची उसळ ठेवणे हा त्या दिशेने अल्पखर्चाचा उपाय ठरेल.