आयुष्यात एकदाच होणारी परीक्षा

अकरावी-बारावीच्या वर्गात 'मला लढाऊ विमान चालवायचंय' असं सांगणारं कुणीतरी असतंच. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागल्यावर हा प्रश्न मुलीही विचारतात. लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, निवड मंडळापुढच्या मुलाखती आणि वैद्यकीय तपासणी हे टप्पे आपण त्यांना सांगतो. पण वायुदलाच्या उड्डाणशाखेसाठी आणखी एक चाचणी असते, तिचा उल्लेख बहुधा राहून जातो. पूर्वी अनेक दशकं ती 'पीएबीटी' या नावानं होत असे. आता संरक्षण संशोधन व विकास संस्थेनं तयार केलेली 'सीपीएसएस' ही संगणकीकृत प्रणाली तिच्या जागी आली आहे. लेखी परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी पुन्हा बसू शकतो. या चाचणीत जो नापास झाला, त्याला ती पुन्हा देता येत नाही.

असा कडक नियम का? संपादन चाचणी आणि अभियोग्यता चाचणी यांतला फरक आपण शिक्षकांनी अभ्यासलेला आहे. संपादन चाचणी विचारते, 'काय शिकलास?' अभियोग्यता चाचणी विचारते, 'पुढे किती सहज शिकशील?' वैमानिकाचं प्रशिक्षण अत्यंत खर्चिक आणि धोक्याचं असतं, म्हणून हे आधीच अजमावावं लागतं. तेच यंत्र पुन्हा हाताळलं तर सरावानं गुण वाढतात. पण उड्डाण शिकण्याची क्षमता तेवढी वाढलेली नसते. म्हणजे मोजपट्टीच ताणली जाते. पहिल्या प्रयत्नाला एवढं महत्त्व येतं ते यामुळे.

चाचणीत मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, विमानातली उपकरणं वाचून विमानाची स्थिती ओळखणं. दुसरी, हात, पाय, डोळे आणि कान यांचा मेळ. पडद्यावरचा ठिपका दांडी आणि पायपट्ट्यांनी जागेवर आणायचा, आणि त्याच वेळी दिवे व आवाज यांनाही प्रतिसाद द्यायचा, असं या दुसऱ्या भागाचं स्वरूप असतं.

उपकरणं वाचणं हा केवळ परीक्षेचा उपचार नव्हे. अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ साली वैमानिकांकडून उपकरणं वाचताना झालेल्या २७० चुकांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. एकाहून अधिक काट्यांचं उंचीमापक चुकीचं वाचणं, दिशा उलटी समजणं अशा चुका त्यात होत्या. अशा चुका अनुभवी माणसांकडूनही होत होत्या. त्यातूनच उपकरणांची रचना सुधारण्याचा विचार पुढे आला.

आता ही उपकरणं वर्गात कशी आणता येतील ते पाहू.

उंचीमापक घड्याळासारखं दिसतं, पण त्यावर ० ते ९ असे दहाच आकडे असतात. लांब काटा शेकड्यांत फूट दाखवतो, आखूड काटा हजारांत. आखूड काटा ७ च्या किंचित पुढे आणि लांब काटा २ वर असेल, तर उंची ७,२०० फूट. आधी आखूड काटा वाचायची सवय लावावी. हजाराची चूक शंभराच्या चुकीपेक्षा दहापट महाग पडते.

दिशादर्शकावर शेवटचं शून्य गाळलेलं असतं. ३ म्हणजे ३० अंश, ३३ म्हणजे ३३०. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. 'विमान २७० वर आहे, डावीकडे ९० अंश वळलं, आता तोंड कुठे?' असे प्रश्न भूमितीच्या तासाला तोंडी विचारता येतात. उत्तर दक्षिण येतं.

खरा गोंधळ होतो तो कृत्रिम क्षितिजाचा. त्यात विमानाची खूण स्थिर असते आणि मागची क्षितिजरेषा हलते. त्यासाठी एक प्रयोग करा. पुठ्ठ्याची चौकट कापा. मध्यभागी आडवा दोरा ताणा आणि त्यावर कागदी विमान चिकटवा. फळ्यावर लांब आडवी रेघ ओढा. आता चौकटीतून त्या रेघेकडे पाहत चौकट उजवीकडे कलवा, म्हणजे तिचं उजवं टोक खाली जाऊ द्या. दोऱ्याच्या तुलनेत रेघेचं उजवं टोक वर गेलेलं दिसेल! रेघ जागची हललेली नाही, कललं ते 'विमान'. तसंच विमानाचं नाक वर झालं की क्षितिज खुणेच्या खाली सरकतं. हा प्रयोग स्वतः केलेल्या मुलाला नियम पाठ करावा लागत नाही.

दुसऱ्या भागाची तयारी पाठांतरानं होत नाही. चेंडू झेलता झेलता पाढे म्हणणं यासारख्या खेळांतून लक्ष विभागणं म्हणजे काय, एवढं मुलांना कळतं. अशा खेळांनी यशाची हमी मिळते असा आमचा दावा नाही. चाचणीआधी दिलेल्या सूचना मात्र शेवटपर्यंत ऐकायला शिकवावं, कारण यंत्र कसं चालवायचं ते तिथेच सांगितलं जातं. आणि आदली रात्र जागून काढू देऊ नये. झोप कमी झाली की प्रतिसादाचा वेग मंदावतो आणि लक्ष ढळतं.

हमखास यशाच्या जाहिराती पाहून पालक पैसे मोजायला तयार होतात. आम्हांला वाटतं, अभियोग्यता विकत घेता येत नाही हे त्यांना समजावण्याचं काम शिक्षकच करू शकतो. खेड्यातल्या मुलामुलींचं नुकसान बहुधा अपरिचयामुळे होतं. उंचीमापक किंवा कृत्रिम क्षितिज त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. तो अपरिचय पुठ्ठा, दोरा आणि खडू यांनी बराच कमी होतो.

आणखी एक गोष्ट चाचणीआधीच सांगायला हवी. ही चाचणी उड्डाणापुरतीच आहे. तीत अपयश आलं तरी वायुदलाची जमिनीवरची कामं, भूदल, नौदल हे मार्ग पात्रतेनुसार खुले राहतात. चाचणीनं मुलाची किंमत ठरत नाही. एका विशिष्ट कामाशी त्याचा किती मेळ बसतो तेवढंच ठरतं. हे आधी ऐकलेलं असेल तर मूल धास्ती न घेता त्या यंत्रासमोर बसेल, आणि निकाल काहीही लागला तरी पुढची वाट शोधू शकेल.