एगर नेमका कुठे होता?

पॅटागोनियातल्या सेरो टोरेची कथा डोंगरवेड्यांना नव्याने सांगायला नको. १९५९ साली इटलीच्या चेझारे माएस्त्रीने ऑस्ट्रियाच्या टोनी एगरसोबत ३१ जानेवारीला माथा गाठल्याचा दावा केला. उतरताना हिमलोटात एगर गेला, त्याच्यासोबत कॅमेराही गेला. सोबतचा चेझारिनो फावा माथ्याखालच्या खिंडीपासून माघारी फिरला होता म्हणे. त्यालाच पुढे माएस्त्री बर्फात अर्धमेला सापडला. शंकेखोरांची तोंडे बंद करायला माएस्त्री १९७०मध्ये कॉम्प्रेसर घेऊन परतला, आग्नेय धारेवर शेकडो बोल्ट ठोकले आणि माथ्यावरचा बर्फाचा टोप न चढताच उतरला. त्या बोल्टांवरून पुढे चाळीस वर्षे चाललेल्या भांडणात मला फारसा रस नाही. मला खेचून घेतले ते १९५९च्या मोहिमेच्या पुराव्यांनी.

पहिला पुरावा कातळाचा. १९७६मध्ये डोनिनी, ब्रॅग आणि विल्सन हे अमेरिकन शेजारच्या टोरे एगर या शिखरावर पहिल्यांदा चढले. दोन्ही शिखरांमधल्या त्या खिंडीपर्यंतची वाट माएस्त्रीचीच. खालच्या त्रिकोणी हिमपट्ट्यापर्यंत मेखा, दोर, सामान अशा जुन्या खुणा जागोजाग होत्या. त्याच्या वर एकही नाही. शिवाय खालून जो टप्पा भयंकर वाटतो तो प्रत्यक्षात सोपा निघाला, आणि माएस्त्रीने त्याचे वर्णन भयंकर असेच केले होते. वर गेलेला माणूस असे लिहीत नाही.

तरीही गिर्यारोहक एर्मान्नो साल्वातेरा माएस्त्रीच्या बाजूने उभा राहिला. दोघेही ट्रेन्टिनोचे. १९८५मध्ये सेरो टोरेच्या पहिल्या हिवाळी चढाईत साल्वातेरा होता. या डोंगराचा त्याच्याइतका जाणकार विरळाच. पण मनात पाल चुकचुकलीच. २००५च्या नोव्हेंबरमध्ये बेल्त्रामी आणि गारिबोत्ती या साथीदारांना घेऊन तो माएस्त्रीच्या वाटेच्या आसपासच्या उत्तरेकडच्या भिंतीने माथ्यावर पोचला. हिमपट्ट्याच्या वर त्यालाही काही सापडले नाही. आपल्याच मुलखातल्या माणसाविरुद्ध ते बोलून दाखवायला त्या भिंतीइतकीच छाती लागली असणार.

दुसरा पुरावा छापील, आणि इतकी वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. माएस्त्रीच्या पुस्तकात एगर चढत असल्याचा एक फोटो आहे. ओळ सांगते, सेरो टोरेवर. २०१५मध्ये गारिबोत्तीने फोटोतल्या कातळाच्या भेगा आणि कडेचा आकार जुळवून पाहिला. ही जागा सेरो टोरेवर नाहीच! ती उत्तरेकडच्या स्टँडहार्ट खिंडीलगतच्या पर्फिल दे इंडिओ या छोट्या सुळक्यावर, तीही पश्चिम बाजूला. म्हणजे एगर ती खिंड ओलांडून पलीकडे गेला होता. माएस्त्रीच्या कोणत्याही हकिगतीत ही फेरी नाही.

माथ्याचा दावा खोटा होता, हे आता बहुतेक जाणकार मानतात. १९७४ला पश्चिमेकडून चढलेल्या लेक्कोच्या चौघांना, फेर्रारीच्या तुकडीला, पहिल्या चढाईचा मान मिळतो. तो त्यांना उशिराच मिळाला. पण माझ्या मते या फोटोने त्याहून गंभीर गोष्ट उघडी पाडली. एगरचे अवशेष हिमनदीवर सापडले, कॅमेरा सापडला नाही. एगर कुठून पडला, हिमलोटाने की आणखी कशाने, याची एकमेव साक्ष ज्याच्या जागेच्या वर्णनावर विश्वास ठेवता येत नाही अशा माणसाची. फावा २००८मध्ये गेला, माएस्त्री २०२१मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी. दोघांनीही अखेरपर्यंत जुनीच हकिगत धरून ठेवली.